सुपारी कुणाची, ठेका कुणाचा?

सुपारी या शब्दाला मराठीत दोन धंदे चिकटलेत. एक माणूस मारण्याचा, दुसरा वाजवण्या-नाचण्याचा. नारायणगावला चैत्राच्या जत्रांसाठी तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, फडमालकाशी घासाघीस करतात, इसार देऊन जातात. ती सुपारी. बँडवाल्याची सुपारी, सनईवाल्याची सुपारी, हलगीवाल्याची सुपारी. इंग्रजीत कलावंताला काम सांगण्याला 'कमिशन' म्हणतात. आपल्याकडं कमिशन म्हटलं की दलालाचा हिस्सा आठवतो. तेव्हा सुपारी हाच आपला शब्द बरा. तो खरा आहे, आणि त्यात कुणाची लाज झाकलेली नाही.

पण दोन सुपाऱ्यांत फरक आहे. हलगीवाल्याला मिळते ती जुनंच वाजवायची सुपारी. युरोप-अमेरिकेत तालवाद्यांच्या संगीतात गेल्या शंभर वर्षांत जी सुपारी चालली ती नवं वाजवायची. कुणी वादक, कुणी संस्था, कुणी सरकार रचनाकाराला सांगतं की आजवर जगात नसलेली चीज आमच्यासाठी कर. पैसे आधी ठरतात. तालमीला वेळ मिळतो. पहिल्या प्रयोगाला रचनाकाराचं नाव छापलं जातं, वादकाचंही छापलं जातं. प्रश्न असा की, ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कातडं आणि काठी होती त्यांना ही दुसरी सुपारी कोण देतं? आणि कुणी देत नसेल, तर आपण का देत नाही?

आधी आजची सुपारी बघू. हलगीला कोण बोलावतं? लग्नाचा वरबाप बोलावतो. जत्रेची कमिटी बोलावते. कुस्तीच्या फडावर पैलवान आखाड्यात उतरताना हलगी कडाडली पाहिजे, म्हणून वस्ताद बोलावतात. निवडणुकीत उमेदवार बोलावतो, मोर्चात पक्ष बोलावतो. मयताला बोलावतात. आणि अलीकडच्या काळात नगरपालिका, महानगरपालिका बोलावतात. घरपट्टी थकवली की थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, चार माणसांत त्याचं तोंड काळं करायचं. म्हणजे विसाव्या शतकात गावची दवंडी सुटली, आणि एकविसाव्या शतकात ती शहराच्या करवसुली खात्यात नोकरीला लागली. ज्याच्या दारात हलगी वाजते त्याची बेइज्जती होते, हा अर्थ कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो अर्थ वाद्यातून निघालेला नाही. वाजवणाऱ्याच्या जातीतून तो वाद्याला चिकटला.

या सगळ्या सुपाऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे. वाजवणाऱ्याला कुणी म्हणत नाही, 'बाबा, तुझ्या डोक्यात काय हाय ते वाजव.' त्याच्या डोक्यात काही असेल हेच धरलेलं नाही. त्यानं लग्नात लग्नाचा बाज वाजवायचा, मयताला मयताचा, फडावर फडाचा. यात कमीपणा आहे असं नव्हे. उलट हे बाज एवढे पक्के आहेत की लांबून, न बघता, माणसाला कळतं गावात काय चाललंय. घुमकं खाली धरून ठेवतं, कैताळ मध्ये चमकतं, आणि हलगी त्या दोघांच्या डोक्यावरून उड्या घेते. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. टिपरू मधोमध बोलतं, काडी कडेला. दोन हातांच्या भांडणातून ठेका तयार होतो. हे शास्त्रच आहे. पण त्याला शास्त्र म्हणायला तयार नसलेल्यांनी त्याला 'कडकडाट' असं नाव दिलंय. वीज कडाडते तसा. म्हणजे निसर्गानं केलेलं, माणसानं नाही.

गोऱ्यांच्या ऑर्केस्ट्रातही तालवाद्यं शेवटच्या रांगेत होती. शंभर व्हायोलिनं-बासऱ्या पुढं, आणि मागं दोन नगारे, एक झांज. तासाभरात चार वेळा वाजवायचं. ही रांग मोडली कशी? कुणीतरी मागितलं म्हणून मोडली.

क्युबाचा आमादेओ रोल्दान बघा. आई आफ्रिकी रक्ताची, आणि हा व्हायोलिन शिकलेला. त्या काळात क्युबात काळ्यांच्या मिरवणुकांवर आणि ढोलांवर बंदीहुकूम निघत. भद्रलोकांच्या कानाला तो आवाज रानटी वाटे. अशा दिवसांत, १९३० साली, रोल्दाननं 'रीतमिकास' या मालिकेतल्या पाचव्या आणि सहाव्या रचना निव्वळ तालवाद्यांसाठी लिहिल्या. बोंगो, क्लावेस, माराकास, खरवडून वाजवायचा दुधी भोपळा, खडखडणारं जनावराचं जबड्याचं हाड. गुलामांच्या वस्तीतली वाद्यं त्यानं कागदावर आणली, आणि त्यांना साथीला व्हायोलिन दिलं नाही. पाश्चात्त्य मैफिलीसाठी केवळ तालवाद्यांची म्हणून लिहिलेल्या अगदी पहिल्या रचनांत या दोन मोजतात. पुस्तकात मात्र पहिलं नाव बहुतेक वेळा एडगार वारेझचं येतं. त्याची 'आयोनिझेशन' ही तेरा वादकांची रचना १९३१ साली पुरी झाली आणि ६ मार्च १९३३ रोजी न्यूयॉर्कला वाजली. तिच्यात ऐरण आहे, भोंगा आहे, आणि क्युबाची वाद्यंही आहेत. मोठी रचना आहे. पण मान देताना इतिहास कुणाला आधी बघतो, हेही बघून ठेवावं.

मग जॉन केज. १९३८ साली तो अमेरिकेत सिॲटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये नाचाच्या वर्गाला साथ करत होता. त्यानं तालवाद्यांचा एक जथा काढला. वादक कोण? नाचणारे, मित्रमंडळी. पट्टीचे वादक थोडे. वाद्यं कुठली? मोटारीचे ब्रेक ड्रम, पत्र्याचे डबे, भंगारातून उचललेलं लोखंड. पैसा नव्हता. त्यानं काय केलं, तर ओळखीच्या-बिनओळखीच्या रचनाकारांना पत्रं टाकली : आमच्यासाठी तालवाद्यांचं काहीतरी लिहून पाठवा. आणि लोकांनी पाठवलं. हेन्री कॉवेल तेव्हा कॅलिफोर्नियात सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात होता. १९३९ साली त्यानं तुरुंगातून केजच्या जथ्यासाठी 'पल्स' नावाची रचना लिहून दिली. १९४३ च्या फेब्रुवारीत केजचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झाला. पाच वर्षांत भंगारापासून म्युझियमपर्यंत. सायक्लोस्टाईल अंक काढणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. स्टेन्सिल कापून, कागद उसना आणून आपण साहित्य उभं केलं तसंच हे आहे. पैसा नसला तरी मागता येतं. मागणारा हवा.

फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला १९६२ साली सहा वादकांनी गट काढला. त्यांनी मागणं हाच धर्म केला. आज त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचना शेकड्यांत मोजतात. यानिस झेनाकिसनं त्यांच्यासाठी 'पर्सेफासा' लिहिली. ती १९६९ साली इराणच्या शिराझ महोत्सवात पर्सेपोलिसच्या अवशेषांत वाजली. सहा वादक स्टेजवर बसत नाहीत. ते श्रोत्यांच्या भोवती सहा ठिकाणी उभे राहतात आणि ऐकणारा मधोमध. शेवटी आवाज एका वादकाकडून दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं असा गोल फिरायला लागतो, आणि फिरता फिरता वेग एवढा वाढतो की आपण भोवऱ्यात सापडल्यासारखं होतं. गावच्या पालखीपुढं हलगी-घुमक्यांचा जथा गोल धरतो तेव्हा रिंगणातल्या माणसाला जे होतं, त्याच्याशी हे अनोळखी नाही. फरक एवढाच की झेनाकिसनं ते मोजून लिहिलं, आणि त्याला लिहायला वेळ आणि पैसा दिला गेला. त्यानंच पुढं 'प्लेइआद' या रचनेसाठी एक नवं धातूचं वाद्यच बनवलं. म्हणजे सुपारीतून नुसती नवी चीज निघत नाही, नवं वाद्यही निघतं.

आणि स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तिचा कान जवळजवळ गेला. अनवाणी उभी राहून ती जमिनीतून, अंगातून नाद ऐकते. तिला एकटीनं, मुख्य कलावंत म्हणून तालवाद्य वाजवायचं होतं, पण एकट्या तालवादकासाठी लिहिलेलं फार थोडं होतं. तिनं लिहून घेतलं. दोनशेहून जास्त रचना तिनं मागून उभ्या केल्या. जेम्स मॅकमिलननं तिच्यासाठी लिहिलेली 'वेनी, वेनी, एमॅन्युएल' १९९२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजली. त्यानंतर ती शेकडो वेळा वाजली. शेवटच्या रांगेतलं वाद्य पुढं आलं आणि व्हायोलिनं त्याच्या साथीला बसली.

आता तुम्ही म्हणाल, ही गोऱ्यांची कौतुकं आम्हाला कशाला? एवढ्यासाठीच की सुपारीत काय काय असतं ते मोजता यावं. चार गोष्टी असतात. आधी दिलेला पैसा. तालमीची फुरसत. छापलेलं नाव. आणि दुसरा प्रयोग. पहिला प्रयोग कौतुकानं कुणीही करतं. दुसरा झाला तर रचना जगते. या चारांतली एकही गोष्ट हलगीवाल्याच्या सुपारीत नसते. रात्रभर वाजवून सकाळी पैसे मागायचे, आणि मागताना 'पाव्हणं, आमचं बघा की' म्हणत उभं राहायचं.

पण तिकडंही सगळं स्वच्छ आहे असं समजू नका. अमेरिकेचा स्टीव्ह राइश १९७० च्या उन्हाळ्यात घानाला गेला. एवे जमातीचे उस्ताद गिडियन अलोरवोये यांच्याकडं तो ढोल शिकला. मलेरिया झाला, काही आठवड्यांत परत आला. मग 'ड्रमिंग' ही त्याची गाजलेली रचना तयार झाली. ती डिसेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कला वाजली. सुरुवात एका ठोक्यानं होते. रिकाम्या मात्रांच्या जागी एकेक ठोका भरत जातो, ठेका उभा राहतो. मग एक वादक किंचित पुढं सरकतो, दुसरा आहे तिथंच राहतो, आणि दोघांच्या मधल्या फटीतून तिसरा ठेका ऐकू येतो जो कुणीच वाजवत नाही. तासभर असं चालतं. ऐकणारा हलतो.

ही उचलेगिरी आहे का? राइशनं स्वतः सांगितलं की दुसऱ्याच्या संगीताचा आवाज उचलू नये, त्याची रचना कशी बांधली आहे ते शिकावं. घानानं आपल्या मनात आधीच असलेल्या कल्पनेला दुजोरा दिला, असंही तो म्हणाला. गुरूचं नावही त्यानं लिहून ठेवलं. तरी एक प्रश्न उरतोच. न्यूयॉर्कच्या म्युझियमचं दार घानाला शिकून आलेल्या गोऱ्या माणसाला उघडलं. घानातल्या उस्तादाला नवी रचना करायची सुपारी कुणी दिली असती का? शिकवायला ठेवतात. रचायला बोलावत नाहीत. रचना करणारा वेगळा आणि माल पुरवणारा वेगळा, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

आपल्याकडं तर राइशच्या नेमकं उलटं चालतं. सिनेमावाले आणि रंगभूमीवाले हलगीचा आवाज उचलतात आणि रचना सोडून देतात. नायक मारामारीला निघाला की चार मात्रांचा कडकडाट. खेडं दाखवायचं असलं की कडकडाट. हलगी म्हणजे मसाला. बाज काय, तो कुणाचा, किती पिढ्यांचा, त्यात आणखी काय करता येईल, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. वाजवणाऱ्याला दिवसाची मजुरी, आणि पडद्यावर नाव संगीतकाराचं.

यात कायद्याचीही साथ होती, हे आपल्यातल्या थोड्यांना ठाऊक असेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'ची जी व्याख्या होती ती वाचण्यासारखी आहे. संगीत म्हणजे स्वरांची चाल, किंवा स्वरांचा मेळ, किंवा दोन्ही. आणि तेही छापलेलं, लिहिलेलं किंवा चिन्हांत उतरवलेलं असलं तरच. म्हणजे ठेका त्यात नाहीच. आणि जे कागदावर नाही तेही नाही. ज्यांना हजारो वर्षं अक्षर शिकू दिलं नाही त्यांना कायदा सांगत होता, लिहून आणा मग तुमचं. १९९४ च्या दुरुस्तीनं ही व्याख्या बदलली, लिहिण्याची अट गेली, आणि कलावंताचा त्याच्या सादरीकरणावरचा हक्कही तेव्हाच कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कलेवर आपलं नाव असण्याचा हक्क वादकालाही दिला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं हलगीवाला कायद्याच्या भाषेत संगीत करतच नव्हता. तो आवाज करत होता. आज कायदा बदललाय. पण वस्तीतल्या किती पोरांना तो कुणी समजावून सांगितला?

आणि तबला-मृदंगाचं काय? त्यांना सुपारी मिळते. झाकिर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' ही रचना केली. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं ती मागून घेतली आणि २०१५ साली ती मुंबईत एनसीपीएमध्ये वाजली. उत्तम झालं. झाकिरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्या हाताबद्दल कोण वाईट बोलेल? एकेकाळी साथीला मागं बसणाऱ्या तबल्याला त्यांच्या घराण्यानं पुढं आणलं. माझं म्हणणं एवढंच की मुंबईत, नरिमन पॉइंटला, भारतीय तालवाद्याला नवी रचना सांगायची रीत आहे, पैसा आहे, सभागृह आहे. तिथून हलगी फार लांब नाही. अंतर मैलांचं नाही.

कातड्याचंच बघा. मृदंगमच्या मैफिलीला दक्षिणेत सोवळं पाळणारे बसतात. त्या मृदंगमला गाईचं, म्हशीचं, बकरीचं कातडं लागतं. ते निवडणारे, कमावणारे, चढवणारे, सुरात आणणारे बहुतेक दलित ख्रिश्चन कारागीर. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात त्यांची हकीकत लिहिली. चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनासाठी आधी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली, आणि समारंभ दुसरीकडं करावा लागला. आवाज पवित्र, कातडं अपवित्र. वादक उस्ताद, कारागीर निनावी. हे अंतर मी म्हणतोय.

आता सगळ्यात अवघड प्रश्नाकडं येतो. तो बाहेरच्यांचा नाही, आपला आहे.

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, हलगी आम्ही टाकली ती विचार करून टाकली. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, मृतमांस खाऊ नका म्हणून सांगितलं. महारकीच्या वतनाविरुद्ध ते १९२८ पासून कायदेमंडळात भांडले. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. १९५६ नंतर आमच्या माणसांनी सनद्या, दवंडी, डफडं सगळं फेकलं. आता तुम्ही कलेच्या नावानं तेच परत गळ्यात अडकवायला सांगता?

याला उत्तर दिलं पाहिजे, आणि नीट दिलं पाहिजे. ज्यांनी डफडं विहिरीत टाकलं, जाळलं, त्यांनी बरोबर केलं. त्यांना 'तुम्ही लोककला मारली' असं म्हणणारे शहरी अभ्यासक आहेत. त्यांनी एकदा भाकरीच्या तुकड्यासाठी पाटलाच्या दारात वाजवून बघावं. फेकली ती सक्ती. 'वाजव' म्हटलं की वाजवलंच पाहिजे, ही सक्ती. त्या नकारातूनच तर आपण माणसं झालो. ज्याला वाजवायचं नाही त्यानं वाजवू नये, आणि त्याला कुणी विचारूही नये.

पण खरं पुढचं बोलू. अनेक गावांत महारांनी काम सोडलं तेव्हा गावानं ते मांगांच्या गळ्यात घातलं. गावाला वाजवणारा हवाच होता. तिथून आपल्याच वस्त्यांत 'हलगी मांगाची' हे बोलणं सुरू झालं. सुटलेला न सुटलेल्याकडं तुच्छतेनं बघायला लागला. बौद्ध पोराच्या लग्नात हलगी नको म्हणणारा बाप तत्त्वासाठी नको म्हणतो की मातंगाशेजारी उभं राहायला नको म्हणून नको म्हणतो, हे त्यानं स्वतःला विचारावं. अण्णाभाऊ साठ्यांचा फोटो लावायचा आणि त्यांच्या भावकीनं वाजवलेलं कातडं हलकं समजायचं, हे एकत्र चालणार नाही. नवी सुपारी कशी द्यायची हा प्रश्न म्हणून कलेपुरता राहत नाही. आपल्यातल्या आपल्यात कोण कुणाला कलावंत मानतो, हा तो प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट आपल्या संगीताची. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं केवढं काम केलं! गणातला गणपती गेला, गवळणीतला कृष्ण गेला, वगात सावकार आणि भटजी आले. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, डफावर कामगार उभा केला. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी दिली. शब्दांची क्रांती झाली. पण ठेक्याची झाली का? ढोलकी तीच राहिली, लावणीचा ठेका तोच राहिला. पुढं तर सिनेमाच्या चालीवर भीमगीत बसवायची रीत पडली. शब्द आमचा, चाल दुसऱ्याची, ठेका कॅसेटवाल्याचा. कवितेत आम्ही अलंकार झुगारले, वृत्तं मोडली, शिव्यांना जागा दिली. तालात मात्र आम्ही अजून मुकाट आहोत. आपल्या समीक्षेनं गाण्याचे शब्द शंभरदा तपासले, आणि त्याच्याखाली काय वाजतंय ते एकदाही ऐकलं नाही.

आणि आजची १४ एप्रिल? भिंतीएवढे स्पीकर, ट्रकवर डीजे, छातीत धडकी. एका रात्रीचं भाडं ऐकलं तर डोळे फिरतात. हा पैसा आपलाच आहे, वर्गणीचा, रोजंदारीतला. म्हणजे सुपारी द्यायची ताकद आपल्यात आली. आपण ती देतो कुणाला? जनरेटरला.

तामिळनाडूकडं बघा. परै या ढोलावरून 'परैयर' हे जातीचं नाव, आणि त्यावरून इंग्रजीत बहिष्कृताला शब्द गेला. एवढी शिवी दुसऱ्या कुठल्या वाद्याच्या वाट्याला आली असेल? तिथंही मयताचं वाजवणं सोडायची चळवळ झाली. आणि त्याच चळवळीनं परै परत उचलली, स्वतःच्या अटीवर. दिंडिगलच्या शक्ती कलैक्कुळूत दलित मुली परै वाजवतात, जे परंपरेनं पुरुषांचं होतं. आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' स्टेजवर आला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम संस्थेनं तो उभा केला, तेन्मा यांनी संगीत बांधलं. उत्तर चेन्नईचं गाना, मयतात वाजणारे ढोल, आणि गिटार, रॅप. एकोणीस कलावंत, एका रंगाच्या कोटात. इथं सुपारी देणारा दलित, रचणारे-वाजवणारे वस्तीतले, आणि रचना नवी. कुणाची मेहेरबानी नाही. आम्हाला हवंय ते हेच.

सरकार काय करतं? सरकार पुरस्कार देतं. २०२३ साली कर्नाटकातल्या तमटेवादक मुनिवेंकटप्पांना पद्मश्री मिळाली, २०२५ साली परैवादक वेलू आसान यांना मिळाली. आनंद आहे. उशिरा का होईना, कातड्याला राष्ट्रपती भवनाचं दार उघडलं. पण पुरस्कार झालेल्या कामाचा असतो, सुपारी व्हायच्या कामाची असते. पुरस्काराच्या मागं 'जतन' हा शब्द असतो. परंपरा जतन केली. जतन लोणच्याचं करतात. जिवंत माणसाला पुढचं वाजवायचं असतं.

म्हणून ठोस बोलू. दर जयंती मंडळानं डीजेच्या भाड्यातला एक हिस्सा बाजूला काढावा आणि एका नव्या रचनेची सुपारी द्यावी. वस्तीतल्या हलगी-घुमकेवाल्यांना द्यावी, मातंग, महार, बौद्ध, होलार, जो वाजवतो त्याला. विषय लादू नये. पाण्यावर कर म्हणावं किंवा काहीच म्हणू नये. अर्धे पैसे आधी द्यावेत. दोन महिने तालीम, आणि तालमीच्या दिवसाला मजुरी. कारण कामावर न गेलेल्या दिवसाची भाकर कुणीतरी दिली पाहिजे. चोपडीत, बॅनरवर रचणाऱ्यांची नावं टाकावीत, पुढाऱ्यांच्या फोटोएवढ्याच मोठ्या अक्षरांत. रेकॉर्ड केलं तर त्याचा हक्क वाजवणाऱ्यांकडं राहील असं दोन ओळींत लिहून द्यावं. पोरगी वाजवते म्हणाली तर काडी तिच्या हातात द्यावी. आणि एका वस्तीत झालेली रचना दुसऱ्या वस्तीनं दुसऱ्यांदा वाजवावी.

सादर करतानाही भान हवं. हलगीवाल्याला फेटा-घोंगडी नेसवून 'खेडवळ' सजवू नका. त्याच्या अंगावर तो रोज घालतो तो धुतलेला शर्ट असू द्या. त्याला भाषणाआधी गर्दी गोळा करायला वाजवायला लावू नका. तो वाजवत असताना पुढाऱ्यानं चहा मागवू नये. सगळ्यांनी खाली बसावं आणि ऐकावं. हलगी बसून ऐकायची सवय आपल्याला नाही. तिच्यासमोर एकतर नाचायचं किंवा तिच्यापासून लांब पळायचं, एवढंच आपण शिकलोय. फायबरचं पान लावायचं की कातडं जाळावर तापवायचं, हे वाजवणाऱ्याला ठरवू द्या. त्यानं मोटारीचा ब्रेक ड्रम मागितला तर गॅरेजमधून आणून द्या.

पहिल्या रचना कच्च्या होतील. काही नुसता गोंगाट होतील. होऊ देत. आपल्या पहिल्या कवितांनाही प्रस्थापितांनी गोंगाटच म्हटलं होतं. त्यातलं कच्चं काय आणि पक्कं काय हे सांगायला समीक्षक लागतील, ठेका ऐकू येणारे. ते अजून आपल्यात तयार व्हायचेत. रचना झाली की कळवा. आम्ही येऊ, ऐकू, आणि जे वाटेल ते याच पानांवर स्पष्ट लिहू. जातीचा म्हणून पाठीवर थाप मारणार नाही. चूक झाली तर चूक म्हणू. हलगीवाल्याला आजवर बिदागी मिळाली, शिवी मिळाली, कधीमधी फेटा मिळाला. त्यानं रचलेल्या ठेक्यावर कुणी कागदावर वाद घातला नाही. तो आता घालू.